तापाच्या रात्री दार कोण वाजवणार?

पत्र:

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात एका संस्थेत समन्वयक आहे. पुढच्या महिन्यात चौदा नव्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचंय. विषय आहे, लसीकरणाबद्दल घरोघरी कसं बोलायचं. लसींची माहिती द्यायला डॉक्टर येणार आहेत, त्याची चिंता नाही. माझी अडचण वेगळी आहे. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कॉलेजात शिकवलं की निर्णय सेवार्थीचा, म्हणजे ज्याच्यासाठी काम करतो त्याचा, आपलं मत लादायचं नाही. मग इथे 'लस द्या' असं सांगायचं कसं?" दुसरीला स्वतःलाच शंका आहे. तिच्या भावाच्या बाळाला लसीनंतर मांडीत गाठ आली होती. तिला ठेवावं की नाही, असं वरून विचारलं गेलंय. आणि तिसऱ्याने धडगावकडच्या एका पाड्यावर "रेशन बंद होईल" असं सांगून चार पोरांना टोचून घेतलं. आता आमची गाडी दिसली की बाया शेतात निघून जातात. देणगीदारांना मात्र लसीकरणाचा टक्का हवाय. काय शिकवू?
– एक समन्वयक, शहादा

उत्तर:

तुमच्या तिघांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटला तो रेशनवाला. त्याचं चुकलंच, पण तसलीच चूक मी उलट्या अंगाने केली आहे. त्याने दम दिला, मी गोड बोलले.

तेव्हा मी जेमतेम पंचविशीची, सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून नवी. चोपड्याकडची, कापूस वेचायला जाणारी एक बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन आली होती. टोचायच्या आधी तिने मला एकच गोष्ट विचारली, ताप येईल का. मी म्हटलं, "काही होत नाही, घाबरू नका." त्या काळी ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची एकत्र लस) द्यायचे. रात्री पोर फणफणलं, मांडी टम्म सुजली, आणि बापाने त्याला खांद्यावर टाकून मध्यरात्री भगताचं घर गाठलं. पुढचे दोन डोस झालेच नाहीत. वर्षभराने ती मला बाजारात भेटली. भांडली नाही. गवार निवडता निवडता म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं बोलनात." लसीवर तिचा राग नव्हताच. राग माझ्यावर होता आणि तो रास्त होता.

म्हणून दोन दिवसांतला पहिला अख्खा अर्धा दिवस तुम्ही तापाला द्या. मी गंमत करत नाही. डॉक्टर येतील, बारा आजारांची यादी पडद्यावर दाखवतील, पोरं वहीत उतरवून घेतील आणि पाड्यावर जाऊन 'प्रतिकारशक्ती' असा शब्द वापरतील, जो कोणाच्याही घरात बोलला जात नाही. त्यापेक्षा आईला काय दिसणार आहे, ते त्यांना पाठ असू द्या. दीड महिन्याच्या डोसाला बाळाला एकाच दिवशी तीन सुया असतात: डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकच लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियावरची), उजव्या दंडावर पोलिओची छोटी सुई. शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबांवरची लस). हे आधी सांगितलेलं नसेल तर दुसरी सुई निघाली की आई बाळ ओढून घेते, आणि तिचं काय चुकलं? अडीच महिन्याला एकच सुई असते, साडेतीनला पुन्हा तीन. ज्या बाईला हे माहीत आहे ती अडीच महिन्याच्या डोसाला हसत येते. मी पाहिलंय.

मग त्या रात्रीचं. पेंटानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, सूज, किरकिर हे नेहमीचं. मांडीत टणक गाठ राहते, दुखत नाही, काही आठवड्यांत जिरते. तुमच्या त्या मुलीच्या भाच्याचं बहुधा हेच असणार, पण ते तिला डॉक्टरांकडून ऐकू द्या, तुमच्याकडून नको. गाठीवर शेकायचं नाही, चोळायचं नाही, हळद-चुन्याचा लेप नाही. तापाचं औषध सिस्टर वजन बघून सांगतील तेवढंच. बीसीजीची, म्हणजे क्षयावरच्या लसीची, गोष्ट निराळी, तिथे ताप नसतो. पण दोन ते सहा आठवड्यांनी दंडावर फोड येतो, पिकतो, खपली धरते, व्रण राहतो. तो फोड बघून घाबरलेल्या आया मी डझनाने पाहिल्या असतील, कारण टोचताना त्यांना कोणी बोललंच नव्हतं. गोवर-रुबेलाचा ताप तर आठवड्या-दीड आठवड्याने येतो, तोवर घरात कोणालाच लस आठवत नसते. आणि कधी थांबायचं नाही, तेही स्पष्ट सांगायचं: झटका आला, श्वासाला त्रास झाला, बाळ लुळं पडलं किंवा ओ देईना, तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं, गाठ लाल होऊन पू धरला, तर उजाडायची वाट न बघता दवाखाना. जीवघेणी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्यालाच होते, पण ती झाली तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात होते. त्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास थांबवतात. आपल्याकडे तो अर्धा तास 'सिस्टर उगाच बसवून ठेवते' म्हणून ओळखला जातो. कारण कळलं की बाया बसतात.

एवढं सांगून टाकलं तर लोक घाबरतील, असं तुमचे वरचे लोक म्हणतील. म्हणू द्या. घर लसीपासून तुटतं ते न सांगितलेल्या तापाने. आधी सांगितलेला ताप रात्री आला की सासू म्हणते, "ती पोरगी बोललीच होती." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरगी दारात उभी राहिली, बाळाच्या कपाळाला हात लावून बघितला, तर पुढच्या डोसाला बोलावणं करावं लागत नाही. तुमच्या नियोजनात टोचण्याच्या दुसऱ्या दिवशीची फेरी आहे का? पत्रात तरी दिसली नाही. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती घाला.

आता त्या कॉलेजच्या मुलीचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, तिला गप्प करू नका. समाजकार्यात स्वयंनिर्णय हे मूल्य आपण पहिल्याच वर्षी शिकतो आणि बरेच जण त्याचा अर्थ तोंडावर पट्टी असा लावतात. "काही लोक म्हणतात लस चांगली, काही म्हणतात वाईट, तुम्ही ठरवा", असं बोलणारा कार्यकर्ता निर्णय दुसऱ्यावर सोपवत नाही, त्याला आडरानात सोडून देतो. घटसर्पाने काय होतं, डांग्या खोकल्यात तान्ह्या बाळाचा श्वास कसा कोंडतो, या गोष्टी मताच्या नाहीत. त्या जशा आहेत तशा सांगायच्या. मत सुरू होतं ते पुढे. ते विचारल्यावर द्यायचं आणि आपलं म्हणूनच द्यायचं. "तुम्ही तुमच्या पोराला दिली का?" हा प्रश्न प्रत्येक पाड्यावर येतोच. त्याला "तो तुमचा निर्णय आहे" असं उत्तर देणारा माणूस लबाड वाटतो. दिली असेल तर दिली म्हणा, ताप आला होता तर तेही सांगा.

आणखी एक गाठ आहे, जी कॉलेजात फारशी सोडवत नाहीत. इथे ठरवतो एक आणि सुई टोचते दुसऱ्याला. बाळाला मत नसतं. म्हणून "नाही" ऐकून नोंदवहीत 'नकार' लिहायचा आणि परत फिरकायचं नाही, याला निर्णयाचा आदर म्हणत नाहीत. मी तर तो शब्दच वहीतून काढायला लावीन. घरचे जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "सासरा गावाला गेलाय." "मागच्या वेळी ताप आला, दोन दिवस मजुरी बुडाली." "पोराच्या अंगावर माता आलीय, आता टोचायचं नसतं." "तुम्हाला पैसे मिळतात म्हणून येता." ही चार 'नकारां'ची चार निराळी कामं आहेत. पहिल्यात फक्त पुन्हा जायचं आहे. दुसऱ्यात बाईच्या कामाला सुट्टी कधी ते विचारून दिवस बदलून घ्यायचा आहे. त्या घराला गोवरावर व्याख्यान देणं म्हणजे तहानलेल्याला पंचांग वाचून दाखवणं. तिसऱ्यात वाद घालायचा नाही. पुरळ गोवराचं असू शकतं, बाळ डॉक्टरांना दाखवायचं, आणि बरं झाल्यावर लसीचं पुन्हा बोलायचं. चौथ्यात खरं ते कबूल करायचं. हो, आशाताईंना पूर्ण लसीकरणामागे मोबदला मिळतो. तो लपवला की माणूस त्यात काहीतरी काळंबेरं शोधणारच.

हे सगळं सांगून येत नाही, करवून घ्यावं लागतं. माझा एक जुना खेळ आहे. तिघांना बसवायचं: एक आई, एक सासू, एक कार्यकर्ती. अट अशी की पहिली तीन मिनिटं कार्यकर्तीने फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही. घड्याळ लावा. चौदांपैकी दहा जण मिनिटभरात घसरून "पण काकू, लस खूप सुरक्षित…" सुरू करतात की नाही बघा. तीन मिनिटांनी परवानगी मागायची, "याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का?" मग एका वेळी एकच गोष्ट, आणि लगेच, "तुम्हले काय वाटस?" खेळ अहिराणीत, पावरीत, भिलोरीत, ज्याच्या-त्याच्या बोलीत घ्या. मराठीत सराईत बोलणारी पोरं घरच्या बोलीत लसीबद्दल बोलताना अडखळतात, आणि तिथेच कळतं की त्यांना स्वतःला काय समजलेलं नाही. शेवटी, "घरी गेल्यावर धन्याला कसं सांगशील, मला सांगून दाखव." त्यात चुकलं तर सांगणाऱ्याचं चुकलं, ऐकणारीचं नाही.

सासूच्या भूमिकेतली कोणीतरी म्हणणारच, "आमची सहा पोरं बिनसुईची वाढली." मी एका वयस्कर नर्सबाईंना यावर शांतपणे विचारताना ऐकलंय, "आणि झाली किती होती, आजी?" आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आठ. नातवाला लस मिळाली. पण हा प्रश्न मी शिकवत नाही. त्या नर्सबाई तीस वर्षं त्याच गावात होत्या, त्या आजीची बाळंतपणं त्यांनीच केली होती. बाविशीच्या पोरीने प्रशिक्षणात शिकून आलेला तो प्रश्न टाकला तर तो नुसता डाव होतो.

"असं कधी होत नाही", हे वाक्यही बंद करा. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ च्या जानेवारीअखेर बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं बचावली, पण ती बातमी मोबाइलवर खान्देशातही फिरली. कोणी ते काढलं तर "अफवा" म्हणू नका, घडलंय ते. उलट लशीची कुपी दाखवा. तिच्यावर गोल असतो आणि गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला, तर उष्णतेने खराब, फेकायची. शहाद्याच्या मे महिन्यात शीतपेटी घेऊन मोटारसायकलवर येणाऱ्या लशीबद्दल शंका घेणारा बाप मूर्ख नाही. त्याला ती कुपी हातात धरून बघू द्या, सिस्टरची हरकत नसते. त्यासाठी तुमच्या पोरांना आधी एक पूर्ण सत्र अंगणवाडीत बसवा. नुसतं बसायचं. कुपी कधी फोडतात, सुई वापरल्यावर कशी कापून टाकतात, आया कुठे बसतात, बाप कुठे उभे राहतात, एवढं बघायचं.

रेशनचं थोडक्यात सांगते. लसीचा आणि रेशनचा काहीही संबंध नाही. त्या कार्यकर्त्याने, हो, त्यानेच, त्या पाड्यावर जाऊन "मी चुकीचं बोललो होतो" असं सांगावं. सोबत तुम्ही जा, पण बोलू त्याला द्या. त्या दिवशी लसीचा विषय काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात, कोविडच्या संदर्भात, राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या कलम २१ चा आधार घेऊन म्हटलंय की कोणालाही लस घ्यायची सक्ती करता येत नाही. त्याच निकालात सरकारचं लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हटलंय. दोन्ही सांगा, अर्धवट सांगणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ आहेत. मात्र एक बारकावा: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठीच्या ५००० रुपयांतला शेवटचा हप्ता बाळाच्या पहिल्या लसींशी जोडलेला आहे. ते सांगणं ही माहिती झाली. ते सांगताना आवाज चढला की तोच दम होतो. तुमची पोरं या दोन्हींतला फरक ऐकून ओळखतील का, हेही त्या खेळात तपासा.

आश्रमशाळांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या जिल्ह्यात त्या आहेत म्हणून लिहिते. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली पुष्कळ होत्या. काही मुली दगावल्या, गाजावाजा झाला, २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. आढळलं ते दुसरंच: कित्येक संमतीपत्रांवर आई-बापाच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी चांगली लस, पण आपल्या देशात तिच्याभोवती जो संशय घोटाळत राहिला त्यात त्या सह्यांचा मोठा वाटा आहे, असं माझं मत. डोंगरातल्या पाड्यावरून बापाला बोलावून आणायला दोन दिवस जातात, हे मला माहीत आहे. जाऊ द्या दोन दिवस.

शंका असलेल्या मुलीला ठेवा. पण प्रशिक्षण संपेपर्यंत तिची शंका फिटलीच पाहिजे असा हट्ट नको. तिने डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारावं, आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही. "मला माहीत नाही, विचारून परवा सांगते" हे वाक्य ती बाकीच्यांपेक्षा खरं बोलेल, कारण तिला परवाचं उत्तर स्वतःसाठीही हवं असेल. अडचण एकाच ठिकाणी येईल. उत्तर मिळाल्यावरही तिला ते पटलं नाही, आणि ती घरोघरी लस नको म्हणून सांगू लागली, तर तिला दुसरं काम द्या. मनात शंका असणं आणि गावात ती पेरत फिरणं यांत फरक आहे.

आणि टक्का. देणगीदार अगदीच चुकीचे नाहीत. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देतो. तो थोपवायला शंभरातल्या पंचाण्णवांना दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि तुमच्या शेजारच्या मालेगावात गोवर पसरला, तो विसरण्याइतका जुना नाही. पण तो टक्का संस्थेचा ठेवा. माणशी लक्ष्य लावलं की रेशनचे आणखी चार संवाद तयार होतील. कार्यकर्त्याकडून दोन गोष्टी मोजून घ्या: टोचण्याआधी तापाचं सांगितलं का, आणि दुसऱ्या दिवशी दारात गेलात का. दोन्ही आईला विचारून तपासता येतात.

तारखेचं बघा. दिवाळी झाली की अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, ते होळीला परततात. प्रशिक्षण दिवाळीआधी आटपलं तर निघणाऱ्या घरांना लसीचं कार्ड सोबत न्यायला सांगता येईल, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून देता येईल. बारडोलीकडच्या सरकारी केंद्रावरही पुढचा डोस फुकट मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळे पुन्हा सापडतील. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी नातवंडं घेऊन येतात, तेव्हा आजीच्या ओसरीवर निवांत बोलता येतं, सासू तिथे नसते.

पहिल्या फेरीनंतर वहीतली पानं मला पाठवा. आकडे नकोत. घरच्यांच्या तोंडची वाक्यं जशी लिहिली असतील तशीच पाठवा.